उंटाचे टॉन्सिल: डोकं उघडण्यापासून स्लाइड वाचण्यापर्यंत

उंटाचं डोकं समोर ठेवून 'टॉन्सिल दाखवा' म्हटलं, की गाई-म्हशींच्या विच्छेदनात हात बसलेली माणसंही घुटमळतात. गाईत मऊ टाळूच्या बाजूला बोट फिरवलं की एक खोल भोक लागतं आणि त्या भोकाभोवती सगळं टॉन्सिल सापडतं. घोड्यात जिभेच्या मुळाशी बारीक छिद्रांचा लांबट पट्टा असतो. कुत्र्यात घशाच्या बाजूच्या खाचेत लपलेली एक सुटसुटीत गाठ मिळते. उंटात यातलं काहीच जसंच्या तसं मिळत नाही. एक कुबडाच्या उंटात, म्हणजे ड्रोमेडरीत, टाळूचं टॉन्सिल एकसंध नसतं. घशाच्या पोकळीत डोकावणाऱ्या अनेक गोलसर गाठींचा तो समूह असतो आणि या गाठींची तोंडं वेगवेगळी उघडतात. एक गाठ कापून 'टॉन्सिल पाहिलं' असं म्हणण्यात म्हणूनच अर्थ नाही. कोणती गाठ आणि तिच्या तोंडाच्या कोणत्या बाजूने काप, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

पशुवैद्यकाचे पदव्युत्तर विद्यार्थी, शवविच्छेदन करणारे डॉक्टर आणि हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे ऊतींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या, प्रयोगशाळेत काम करणारे तंत्रज्ञ यांच्यासाठी हा लेख आहे. विच्छेदनाची प्राथमिक माहिती गृहीत धरली आहे.

टॉन्सिल कशाला म्हणायचं

तोंड आणि नाक जिथे घशात मिळतात, तिथे श्लेष्मल आवरणाच्या लगेच खाली लिम्फॉइड ऊतीचे, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनी भरलेल्या ऊतीचे, साठे असतात. ते मिळून घशाभोवती एक अपुरं कडं तयार करतात. हाइनरिख वाल्डेयर यांनी १८८४ मध्ये माणसात या कड्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला वाल्डेयरचं कडं म्हणतात. प्राण्यांत या कड्याचे सहा भाग शोधायचे असतात: टाळूचं, जिभेचं, नासाग्रसनीच्या (नाकामागच्या घशाच्या) छताचं, कानाच्या नळीच्या तोंडाशी असलेलं, मऊ टाळूतलं आणि एपिग्लॉटिसच्या (स्वरयंत्रावरच्या झाकणाच्या) बाजूचं टॉन्सिल. सहाही भाग प्रत्येक प्राण्यात नसतात. एपिग्लॉटिसच्या बाजूचं टॉन्सिल मेंढी, शेळी आणि डुकरात असतं, गाईत नसतं. डुकरात टाळूच्या टॉन्सिलची सुटी गाठ नसते, तिथे मऊ टाळूतलं टॉन्सिलच मोठं होतं. उंदराला तर टॉन्सिलच नाहीत, त्याच्या नाकाच्या तळाशी असलेली लिम्फॉइड ऊती ते काम करते.

लिम्फ नोड आणि टॉन्सिल यांतला फरक डोक्यात पक्का हवा, कारण घशाच्या बाजूच्या भिंतीत खोलवर रेट्रोफॅरिंजियल, म्हणजे घशामागचा लिम्फ नोड असतो आणि नवखा माणूस त्यालाच टॉन्सिल समजून बाटलीत टाकतो. नोडमध्ये लिम्फ आणणाऱ्या आणि नेणाऱ्या, दोन्ही वाहिन्या असतात. टॉन्सिलमध्ये फक्त नेणाऱ्या असतात, कारण त्याला जंतूंचा नमुना लिम्फमधून नाही, थेट पोकळीतून मिळतो. त्यामुळे टॉन्सिलच्या एका अंगाला एपिथेलियम (पृष्ठभाग झाकणारा पेशींचा थर) असायलाच हवं आणि आवरणाखालची सायनस (लिम्फ वाहण्याची पोकळी) नसायला हवी. स्लाइडवर शंका आली तर आधी हे दोन मुद्दे तपासा.

आधी स्वतःची काळजी

उंटाच्या घशात हात घालणं गाईच्या घशात हात घालण्याइतकं साधं नाही. श्वसनाचा गंभीर आजार करणारा मर्स कोरोनाव्हायरस २०१२ मध्ये सौदी अरेबियातल्या एका रुग्णात सापडला आणि ड्रोमेडरी उंट हा माणसात येणाऱ्या संसर्गाचा स्रोत असल्याचं नंतर दिसून आलं. उंटात तो मुख्यतः नाकातल्या एपिथेलियमवर वाढतो. जनावर फारसं आजारी दिसत नाही, नुसतं नाक वाहतं, कधी तेवढंही नाही. म्हणजे 'उंट निरोगी दिसत होता' हा काही दिलासा नाही. रेबीज, क्षय आणि ब्रुसेला या तिघांचाही विचार करूनच हातमोजे घाला. एन-९५ मास्क, तोंडावर पारदर्शक ढाल आणि दुहेरी हातमोजे ही किमान तयारी.

आणखी एक गोष्ट बऱ्याच प्रयोगशाळांच्या नियमावलीत अजून नीट शिरलेली नाही. २०१८ मध्ये अल्जीरियातल्या वार्गला भागातल्या ड्रोमेडरींमध्ये प्रिऑनचा, म्हणजे चुकीच्या घडीच्या प्रथिनामुळे होणारा मेंदूचा, आजार नोंदवला गेला आणि मेंदूबरोबरच लिम्फ नोडमध्येही विकृत प्रिऑन प्रथिन सापडलं. फॉर्मॅलिनने प्रिऑन निष्प्रभ होत नाही. जिवंतपणी चाल बिघडलेली, अंग थरथरणारी किंवा विनाकारण आक्रमक झालेली जनावरं साध्या हिस्टॉलॉजीसाठी घेऊच नका. घ्यावीच लागली, तर फिक्स झालेले तुकडे ९६ ते ९८ टक्के फॉर्मिक अ‍ॅसिडमध्ये तासभर ठेवून मगच पुढच्या प्रक्रियेला लावा.

डोकं निवडताना

कत्तलखान्यातून किंवा नैसर्गिक मृत्यूनंतरच्या शवविच्छेदनातून रीतसर परवानगीने डोकं मिळवा. मृत्यूनंतर दोन तासांच्या आत तुकडे फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे ऊती नासू न देणाऱ्या द्रावणात, पडले पाहिजेत. आधी नासतं ते टॉन्सिलच्या खळग्यांमधलं (पृष्ठभागातून आत गेलेल्या पोकळ्यांमधलं) नाजूक एपिथेलियम, आणि नेमकं तेच आपल्याला पाहायचं असतं. वरची जाड त्वचा तीन-चार तासांनीही ठीक दिसते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी फसगत होते.

शक्य असेल तर दोन डोकी घ्या. एक गोठवून करवतीने मधोमध उभं कापायचं, रचना पाहायला आणि फोटो काढायला. दुसरं न गोठवता, ऊतींच्या नमुन्यांसाठी. एकाच डोक्यात दोन्ही उरकू पाहणाऱ्यांच्या स्लाइडवर बर्फाच्या स्फटिकांनी केलेली भोकं दिसतात आणि मग त्यांनाच कोणी 'सूज' म्हणून लिहितं.

वय, लिंग आणि जनावर खच्ची केलेलं आहे का, ही नोंद डोकं उघडण्याआधी करा. कायमचे पटाशीचे दात साधारण पाचव्या, सहाव्या आणि सातव्या वर्षी जोडीजोडीने येतात, त्यावरून वयाचा अंदाज बांधता येतो.

डोकं उघडणं

ताज्या डोक्यासाठी पायऱ्या अशा:

१. ओठांच्या कोपऱ्यापासून मागे, खालच्या जबड्याच्या कोनापर्यंत गाल कापा. आतल्या बाजूला मागे वळलेले शंकूसारखे लांब उंचवटे दिसतील. काटेरी झुडपं खाणाऱ्या प्राण्याचं हे चिलखत आहे. ते कापताना चाकू अडतो, घाई करू नका.

२. मॅसेटर स्नायू हाडापासून सोडवा, जबड्याचा सांधा उघडा आणि एका बाजूचा जबडा बाहेरच्या अंगाला उलटवा. हनुवटीचा जोड प्रौढात घट्ट झालेला असतो, तो करवतीने कापावा लागतो. करवत चालवताना ऊती ओली ठेवा, म्हणजे कण उडत नाहीत.

३. जीभ खाली ओढून धरा. नर ड्रोमेडरी असेल तर इथे एक अडथळा येतो: मऊ टाळूला लागून असलेली, माजावर आल्यावर तोंडातून फुग्यासारखी बाहेर लोंबणारी पिशवी. अरबीत तिला डुल्ला म्हणतात. प्रौढ नरात ती इतकी सैल आणि लांब असते की घशाचा बराचसा देखावा तिनेच झाकला जातो. तिला कापून फेकू नका. चिमट्याने पुढे ओढून टाचणीने अडकवा आणि मग मागे पाहा. मादीत हा त्रास नाही, म्हणून पहिल्यांदा हे काम करणाऱ्याने मादीचं डोकं घेतलेलं बरं.

४. पोकळी थंड सलाइनने अलगद धुवा. फडक्याने पुसू नका, खरवडू तर अजिबात नका.

५. कवटीचा मागचा भाग मधोमध उभा कापून नासाग्रसनीचं छत उघडा. इथे जाड, पांढुरक्या, काटेरी अळ्या हलताना दिसल्या तर दचकू नका. त्या सेफॅलोपिना टिटिलेटर या माशीच्या आहेत. त्या उंटाच्या नाक-घशातच वाढतात आणि पूर्ण वाढल्यावर तीनेक सेंटिमीटर होतात. त्यांच्या आकड्यांनी श्लेष्मल त्वचेला जखमा होतात, गाठी येतात, इओसिनोफिल पेशींची गर्दी होते. अळ्या असलेलं डोकं 'सामान्य रचना' म्हणून वापरू नये. अळ्यांची संख्या नोंदवून ते वेगळ्या गटात टाका.

कुठे काय शोधायचं

सर्वांत जास्त वेळ टाळूच्या टॉन्सिलला द्या. घशाच्या तोंडावाटच्या भागात, मऊ टाळू आणि जिभेचं मूळ यांच्या मधल्या बाजूच्या भिंतीवर डोळ्यांआधी बोट फिरवा. श्लेष्मल त्वचेखाली घट्ट, गोल गाठी बोटाला लागतील. मग भिंगाने पाहा. गाठीच्या माथ्यावर किंवा किंचित बाजूला एक तोंड दिसतं आणि कडेने हलकं दाबलं की त्यातून मळकट पांढरा मगज येतो. तो झडलेल्या पेशी, पांढऱ्या रक्तपेशी आणि कधी चाऱ्याच्या कणांचा असतो. तो आला म्हणजे लगेच पू समजू नका.

दोन्ही बाजूंच्या गाठी मोजा. डावीकडे आणि उजवीकडे सारख्याच असतील असं धरून चालू नका. प्रत्येक गाठीची लांबी-रुंदी कॅलिपरने आणि आकारमान पाण्यात बुडवून घ्या. गाठीला 'डावी १, डावी २' असे क्रमांक द्या आणि कापण्याआधी मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा.

उंटाच्या घशात श्लेष्म ग्रंथी भरपूर असतात आणि त्यांचेही पुंजके गाठीसारखे लागतात. शंका असेल तर शेजारचा एक पुंजका कापून पाहा: ग्रंथीचा काप पिवळसर-तपकिरी, दाणेदार असतो आणि त्यातून चिकट स्राव सुटतो. लिम्फॉइड गाठीचा काप करड्या-पांढऱ्या रंगाचा, गुळगुळीत असतो.

जिभेचं टॉन्सिल मोठ्या वर्तुळाकार पॅपिला (जिभेवरचे उंचवटे) आणि एपिग्लॉटिस यांच्या मधल्या मुळावर शोधा. ते ठळक नसतं. तिरपा प्रकाश टाकला की बुटके उंचवटे आणि बारीक छिद्रं उठून दिसतात. काहीच दिसलं नाही तरी इथून दोन-तीन तुकडे घ्याच.

नासाग्रसनीचं टॉन्सिल छताच्या मागच्या भागात. हा भाग श्वासाच्या वाटेवर आहे, तोंडातल्या अन्नाच्या वाटेवर नाही, त्यामुळे त्याचं एपिथेलियम वेगळं असतं. कानाच्या नळीचं टॉन्सिल नळीच्या घशातल्या तोंडाभोवती. घोड्यात या नळीला मोठी हवेची पिशवी जोडलेली असते, उंटात ती नाही, तेव्हा तोंड सापडलं की नळी उभी चिरली तरी पुरते. मऊ टाळूचे तुकडे तोंडाकडच्या आणि नाकाकडच्या, दोन्ही पृष्ठांसह पूर्ण जाडीचे घ्या. एपिग्लॉटिसच्या तळाशी दोन्ही बाजूंच्या घड्यांमधूनही एकेक तुकडा घ्या, डोळ्यांना काही दिसो न दिसो. स्लाइड न पाहता 'हे टॉन्सिल उंटात नाही' असं लिहिणं घाईचं ठरतं, आणि एका स्लाइडवरून लिहिणं त्याहून.

दोन कुबडांच्या, म्हणजे बॅक्ट्रियन उंटाचे निष्कर्ष ड्रोमेडरीला चिकटवू नका. घशाची रचना तंतोतंत सारखी नाही, नुसता डुल्लाचा विचार केला तरी ते कळतं.

तुकडा कसा कापायचा

बहुतेक स्लाइड इथेच बिघडतात. गाठीचा काप तिच्या तोंडातून आणि खळग्याच्या लांबीतून गेला, तर एका नजरेत तोंड, खळगा, एपिथेलियम, फॉलिकल (पांढऱ्या पेशींचा गोल पुंजका) आणि आवरण दिसतं. काप बाजूने गेला तर फॉलिकलांचा नुसता ढीग दिसतो. खळगा आडवा कापला जाऊन मधोमध एखादं तळं असल्यासारखा भास होतो, आणि ते गळू आहे की खळगा यावर वाद सुरू होतो.

यावर सोपा उपाय आहे. फिक्स करण्याआधी, गाठ मऊ असतानाच, तोंडातून बारीक नायलॉनचा धागा अलगद आत सरकवा. जिथे अडेल तिथे थांबा, ढकलू नका. आता खळग्याची दिशा कळली. धाग्याला समांतर, तोंडाच्या मधोमध गाठीचे दोन भाग करा. कापलेल्या पृष्ठाच्या उलट बाजूला शाई लावा, म्हणजे पॅराफिनमध्ये बसवताना कोणतं पृष्ठ खाली ठेवायचं ते कळेल. धागा काढून टाका. शेजारची दुसरी गाठ पृष्ठभागाला समांतर कापा, म्हणजे खळग्याभोवतीची फॉलिकलांची मांडणी वरून दिसेल. दोन्ही दिशांचे काप असले की तिसऱ्या मितीचा अंदाज येतो.

पातळ भागांचे, म्हणजे मऊ टाळू आणि नासाग्रसनीच्या छताचे, तुकडे बुचाच्या पातळ चकतीवर श्लेष्मल बाजू वर ठेवून टाचून घ्या. नाहीतर फॉर्मॅलिनमध्ये त्यांची गुंडाळी होते आणि सरळ काप कधीच मिळत नाही.

फिक्सिंग ते ब्लॉक

दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन पुरेसं आहे. एक लिटरसाठी ३७ ते ४० टक्के फॉर्मॅल्डिहाइडचं द्रावण १०० मि.लि., ऊर्ध्वपातित पाणी ९०० मि.लि., सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. ऊतीच्या किमान दहापट द्रावण घ्या. तुकडा ३ ते ५ मि.मी.पेक्षा जाड नको, कारण फॉर्मॅलिन आत सावकाश शिरतं. २४ ते ४८ तास पुरे. अँटीबॉडीचे डाग द्यायचे असतील तर महिनाभर फॉर्मॅलिनमध्ये पडून राहिलेले तुकडे निरुपयोगी होऊ शकतात, दोन दिवसांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा.

पुढे ७०, ८०, ९५ आणि शुद्ध अल्कोहोल, मग झायलीन, मग ५८ ते ६० अंश सेल्सिअसचं मेण. हे नेहमीचंच. फक्त एक लक्षात ठेवा: खळग्यात हवा अडकते आणि तिथे मेण शिरत नाही, मग कापताना नेमका मधला भाग फाटतो. व्हॅक्यूमखाली मेण भरलं तर हे टळतं.

काप ३ ते ४ मायक्रोमीटरचे. इतर अवयवांना ५ चालतात, लिम्फॉइड ऊतीत पेशी इतक्या दाटीने असतात की जाड काप म्हणजे निळा डागच. त्याच कारणाने हिमॅटॉक्सिलिनचा वेळ कमी ठेवा आणि आम्ल-अल्कोहोलने नीट उतरवा. जर्मिनल सेंटरचा (फॉलिकलच्या मधल्या, पेशी वाढणाऱ्या जागेचा) फिकट आणि गडद भाग वेगळा ओळखता आला, तर रंग बरोबर जमला समजा.

हिमॅटॉक्सिलिन-इओसिनखेरीज तीन रंग उपयोगाचे: आवरण आणि त्यातून आत आलेल्या पडद्यांसाठी मॅसन ट्रायक्रोम, ग्रंथी आणि गॉब्लेट (श्लेष्म सोडणाऱ्या) पेशींसाठी पीएच २.५चा अल्शियन ब्लू व पीएएस (पास), आणि जाळीदार तंतूंसाठी चांदीचा रंग. चांदीच्या स्लाइडवर फॉलिकलांच्या मधल्या भागात दाट जाळं आणि जर्मिनल सेंटरमध्ये जवळजवळ मोकळी जागा दिसते. फॉलिकल मोजायला ही स्लाइड हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या निळ्या-गुलाबी स्लाइडपेक्षा सोयीची.

स्लाइड वाचताना

चारच्या (चारपट मोठं दाखवणाऱ्या) भिंगापासून सुरुवात करा आणि तिथे वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ थांबा. आधी तोंड शोधा. तोंडातून आत जात खळग्याची कड शेवटपर्यंत धरून ठेवा. गाठीच्या बाहेरच्या अंगाला संयोजी ऊतीचं आवरण आहे, त्यातून पडदे आत येतात, आणि त्यांच्या मध्ये, खळग्याला वेढून, फॉलिकलं बसली आहेत. आवरणाच्या पलीकडे स्नायूंचे तंतू आणि श्लेष्म ग्रंथी. ग्रंथींच्या नळ्या कुठे उघडतात ते पाहा, खळग्यात की सरळ घशात. हा तपशील वर्णनात बहुधा राहून जातो. खळग्यात स्राव येत असेल तर तो धुतला जातो, नसेल तर मगज साचतो.

दहाच्या भिंगाखाली फॉलिकल बघा. बाहेर गडद लहान लिम्फोसाइटांचं कडं, आत फिकट जर्मिनल सेंटर. कडं सगळीकडे सारख्या जाडीचं नसतं. चांगल्या उभ्या कापात ते एपिथेलियमच्या बाजूला जाड, टोपीसारखं असतं आणि जर्मिनल सेंटरचा गडद भाग आवरणाकडे असतो. हा कल दिसत नसेल तर फॉलिकल तिरपं कापलं गेलं आहे, त्यावर मोजमाप घेऊ नका. फॉलिकलांच्या मधल्या पट्ट्यात मुख्यतः टी पेशी असतात. तिथे उंच, घनाकार अस्तराच्या शिरा शोधा. त्यांच्या भिंतीतून लिम्फोसाइट आत शिरताना पकडता येतात, दोन अस्तरपेशींच्या मध्ये अडकलेलं गडद केंद्रक दिसलं की तो लिम्फोसाइट.

इथेच उंटाची एक खूण आपोआप दिसते. रक्तवाहिन्यांमधल्या तांबड्या पेशी गोल नसतात, लंबगोल असतात. इतर सस्तन प्राण्यांच्या स्लाइड पाहिलेल्याला ते ताणलेलं, बिघडलेलं वाटतं आणि फिक्सिंगला दोष दिला जातो. उंटात त्या तशाच असतात, आणि पक्ष्यांच्या पेशींसारखं केंद्रक त्यांत नसतं. प्रयोगशाळेत स्लाइडची चिठ्ठी निघून गेली तर उंटाची स्लाइड ओळखायला याहून सोपी खूण नाही.

चाळीसच्या भिंगाखाली एपिथेलियम. टाळूच्या आणि जिभेच्या टॉन्सिलचा पृष्ठभाग अनेक थरांच्या चपट्या पेशींचा असतो. खळग्यात शिरलं की तेच एपिथेलियम ठिकठिकाणी विरळ होत जातं. पेशी एकमेकींपासून दूर सरकून जाळी तयार करतात, त्या जाळीत लिम्फोसाइट, मॅक्रोफेज, थोडे न्यूट्रोफिल घुसलेले असतात आणि तळपडदा तुटक होतो. याला जाळीदार एपिथेलियम म्हणतात. जंतूंशी पहिली ओळख इथेच होते. नवखा वाचक याला 'एपिथेलियमचा दाह' लिहून मोकळा होतो. दाह म्हणायचा तर न्यूट्रोफिल थराथरांत हवेत, पृष्ठावर व्रण हवा, खालच्या शिरा फुगलेल्या हव्यात. नुसते लिम्फोसाइट घुसले म्हणजे दाह नव्हे, टॉन्सिलचं ते रोजचं काम आहे.

नासाग्रसनी आणि कानाच्या नळीपाशी चित्र बदलतं: केसल (हलणारे सूक्ष्म केस) असलेलं, खोटं बहुस्तरीय, गॉब्लेट पेशींसह असलेलं श्वसनमार्गाचं एपिथेलियम. फॉलिकलांच्या वर मात्र ते बुटकं होतं, केसल आणि गॉब्लेट पेशी कमी होतात. अशा जागी जंतू आत ओढून घेणाऱ्या एम पेशी असण्याची शक्यता जास्त. पण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बोट ठेवून 'ही एम पेशी' म्हणता येत नाही. त्यासाठी १ मि.मी.चे तुकडे २.५ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये फिक्स करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक गाठावा लागतो.

लिम्फ नोडशी तुलना करायची असेल तर सावध राहा. पाठ्यपुस्तकातला नोड म्हणजे बाहेर कॉर्टेक्स, आत मेड्युला. उंटाच्या नोडमध्ये ही विभागणी तशी स्पष्ट नसते, फॉलिकलं आणि त्यांच्या मधली ऊती सगळीकडे विखुरलेली असते. त्यामुळे नुसत्या फॉलिकलांच्या मांडणीवरून नोड की टॉन्सिल हे उंटात ठरवता येत नाही. एपिथेलियम आणि सायनस हेच निकष.

अँटीबॉडीचे डाग

पेशींचे प्रकार ओळखायला अँटीबॉडीने त्यांची खुणेची प्रथिनं रंगवतात: टी पेशींसाठी सीडी३, बी पेशींसाठी सीडी७९ए किंवा सीडी२०, विभाजन होणाऱ्या पेशींसाठी केआय-६७. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अँटीबॉडी माणूस किंवा उंदीर समोर ठेवून केलेल्या असतात, उंटात त्या चालतात की नाही हे उंटाच्याच लिम्फ नोडवर आधी तपासून घ्या. सीडी३ची, पेशीच्या आतल्या भागाविरुद्ध केलेली पॉलिक्लोनल अँटीबॉडी बऱ्याच जातींत चालते, तिथून सुरुवात करा. पहिली अँटीबॉडी वगळलेली एक स्लाइड प्रत्येक खेपेला हवीच.

प्लाझ्मा पेशींच्या बाबतीत उंटात एक खास सापळा आहे. १९९३ मध्ये ब्रसेल्समधल्या रेमंड हामर्स यांच्या गटाने दाखवलं की उंटाच्या रक्तात हलकी साखळी मुळीच नसलेल्या आयजीजी अँटीबॉडी मोठ्या प्रमाणावर असतात. नेहमीच्या दोन जड आणि दोन हलक्या साखळ्यांऐवजी नुसत्या दोन जड. आज प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या नॅनोबॉडींचा (अशा अँटीबॉडींच्या अगदी लहान तुकड्यांचा) उगम यातूनच झाला. आपल्या कामापुरता याचा अर्थ असा की प्लाझ्मा पेशी मोजण्यासाठी कॅपा किंवा लॅम्डा हलक्या साखळीचा डाग वापरला, तर अशा अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी मोजणीतून सुटून जातील. आकडा कमी येईल आणि 'उंटाच्या टॉन्सिलमध्ये प्लाझ्मा पेशी विरळ' असा निष्कर्ष निघेल. जड साखळीविरुद्धची, उंटासाठी तपासलेली अँटीबॉडी वापरा, आणि शेजारच्या कापावर घड्याळाच्या तबकडीसारखं केंद्रक पाहून पेशी हाताने मोजून ताळा करा.

वय आणि नोंद

जन्माआधी टॉन्सिलच्या जागी लिम्फोसाइटांचे पुंजके असतात, पण जर्मिनल सेंटर दिसायला बाहेरच्या जंतूंशी गाठ पडावी लागते. उंटाची गर्भावस्था सुमारे तेरा महिन्यांची, आणि नाळेतून अँटीबॉडी पिलाला मिळत नाहीत, त्या चिकातून मिळतात. त्यामुळे गर्भ, नवजात पिलू, वर्षा-दोन वर्षांचं जनावर आणि म्हातारं जनावर यांच्या स्लाइड एका तक्त्यात सरसकट मिसळल्या तर सरासरीला काही अर्थ राहत नाही. म्हाताऱ्या जनावरात फॉलिकलं कमी, चरबी आणि तंतू जास्त दिसतात. त्याला आजार म्हणण्याआधी दात पाहा.

प्रत्येक ब्लॉकवर जनावराचा क्रमांक, बाजू, गाठीचा क्रमांक आणि काप उभा की आडवा, या चारही गोष्टी पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई झायलीनमध्ये उतरते. मोजमापाच्या वहीत गाठीच्या फोटोचा क्रमांक त्याच ओळीत टाका, आणि उरलेले अर्धे तुकडे ७० टक्के अल्कोहोलमध्ये जपून ठेवा. परीक्षक किंवा सहकारी 'हा खळगा नाही, गळू आहे' म्हणाला, तर त्याच गाठीचे पुढचे काप ओळीने काढून दाखवता येतात.